घडीचं चाक

पोर्शे ९११ चं इंजिन मागे असतं, म्हणून सामानाची जागा पुढे. जुन्या ९११ चं पुढचं झाकण उचलून आतला गालिचा बाजूला सारला की तळाशी एक चाक आडवं पडलेलं दिसतं. पहिल्यांदा पाहणारा हमखास म्हणतो, "अहो, तुमची स्टेपनीच पंक्चर आहे की!" तसं नसतं. रिम धडधाकट असते. तिच्यावरचा टायर तेवढा दोन्ही बाजूंनी आत दुमडून बसलेला असतो, कवळी काढून ठेवलेल्या आजोबांच्या गालांसारखा. आत हवा अशी नाहीच. जवळ एक छोटा कॉम्प्रेसर, त्याची वायर सिगारेट लायटरच्या भोकापर्यंत पोचेल एवढी लांब. आणि रिमवर चिकटवलेली एक सूचना: ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नका.

ज्या गाडीच्या स्पीडोमीटरवरचे आकडे तीनशेच्या दिशेने धावतात, तिच्या पोटात हा ८० चा आकडा आहे. बाकी सगळी गाडी तुम्हाला सांगते, आणखी जोरात चल. हे एकटं चाक सांगतं, आता पुरे. मला वाटतं, त्या गाडीतला सगळ्यात खरं बोलणारा भाग तोच.

त्याचा जन्म अडचणीतून झाला. पुढच्या त्या खोलगट जागेत पेट्रोलची टाकी, जादा चाक आणि मालकाची बॅग अशी तिघांची मारामारी असायची. लांब पल्ल्याला निघणाऱ्या जर्मन गिऱ्हाइकाला टाकी मोठी हवी होती. १९७४ च्या मॉडेलपासून पोर्शेने ती ८० लिटरची केली, आणि जागा द्यावी लागली ती चाकाला. पूर्ण अंगाचं चाक मावेना, तेव्हा घडी घालून ठेवायचं चाक आणलं. कल्पना अमेरिकेची. तिथे बी. एफ. गुडरिच कंपनीने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातच असा दुमडणारा टायर काढला होता आणि तो फुगवायला दाबाखालच्या वायूचा डबा दिला होता. डब्यातला वायू एकदा संपला की संपला. पोर्शेने डब्याऐवजी कॉम्प्रेसर दिला. पुढच्या काळात हे टायर हॉलंडच्या व्रेडेस्टाइन कंपनीकडून येऊ लागले. अशी ही मूर्ती: मूळ अमेरिकेचं, अंग डच, नोकरी जर्मन घरात.

नोकरी म्हणजे तरी काय, वर्षानुवर्षं झोपून राहणं. त्याच घराण्यातल्या फोक्सवॅगन बीटलच्या जादा चाकाला निदान रोजचं काम होतं. पुढची काच धुण्याचं पाणी त्या चाकातल्या हवेच्या दाबावर उडायचं, आणि चाक फारच रिकामं होऊ नये म्हणून मध्ये झडप बसवलेली असायची. ९११ च्या घडीच्या चाकाकडे हवाच नाही, तर ते देणार काय? जमिनीला लागलेल्या चार भावांचं मात्र केवढं कौतुक! आजच्या ९११ कॅरेरा एसचे पुढचे टायर २४५ मिलिमीटर रुंद, मागचे ३०५. पावसात किती धरतात, वळणावर किती चिकटतात, यावर मासिकांची पानंच्या पानं खर्ची पडतात. मालक मित्रांना त्यांची कंपनी आणि किंमत सांगतो. जादा चाकाची किंमत सांगणारा मालक मला अजून भेटायचा आहे.

पण या रुंदीतच त्याच्या अस्तित्वाचं आणखी एक कारण आहे. पुढची चाकं वेगळी आणि मागची वेगळी असली, तर जादा चाक कोणत्या मापाचं ठेवायचं? दोन ठेवायला जागा नाही. अशा वेळी घडीचं चाक पुढेही चालतं आणि मागेही. ते दोन्हींकडे नेमकं बसतं म्हणून नव्हे, तर दोन्हींकडे सारखंच विजोड दिसतं म्हणून.

आता त्याच्या बोलावण्याचा दिवस. जर्मनीतला ऑटोबान, मागच्या चाकात खिळा. गाडी कडेच्या पट्ट्यात घ्यायची, धोक्याचे दिवे लावायचे, चमकणारं जाकीट अंगात घालून मगच खाली उतरायचं. तिथे गाडीत असं जाकीट ठेवणं २०१४ पासून कायद्याने बंधनकारक आहे, त्रिकोण तर त्याच्या कितीतरी आधीपासून. त्रिकोण घेऊन कठड्याच्या बाजूने बराच मागे चालत जायचं. शेजारून दोनशेच्या वेगाने गाड्या जात असतात, तेव्हा दहा पावलांवरचा त्रिकोण कुणालाच वाचवत नाही. रस्त्याची कड अरुंद असेल आणि पंक्चर वाहतुकीच्या बाजूला असेल, तर चाकाला हातही लावू नये. कठड्यापलीकडे उभं राहून मोटारक्लबच्या माणसाला बोलवावं. जर्मनीत त्यांच्या गाड्या पिवळ्या असतात आणि लोक त्यांना पिवळे देवदूत म्हणतात. घडीच्या चाकाला याचा राग येत नाही. आपल्यावाचून भागलं तर त्याला बरंच वाटत असावं.

जागा सुरक्षित असेल तर मात्र काम सुरू. जमीन सपाट आणि कडक हवी. नट आधी, गाडी जमिनीवर असतानाच, थोडे सैल करायचे. त्यातला एक चोरांसाठी वेगळ्या खाचेचा असतो आणि त्याची किल्ली पान्यांच्या पिशवीत असायला हवी. ती घरी कपाटात राहिली असेल तर पुढचं सगळं तिथेच थांबतं. मग जॅक. या गाडीचं अंग इतकं ताठ असतं की एका बाजूच्या जॅकने पुढचं आणि मागचं अशी दोन्ही चाकं हवेत जातात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण ते बरोबरच आहे. पंक्चर चाक उतरवलं, घडीचं चाक चढवलं, नट हाताने आवळले. कॉम्प्रेसरची पिन लायटरमध्ये. तो किरकिरत चालू होतो आणि आजोबांचे गाल हळूहळू भरू लागतात. दुमडलेला रबर एकेक घडी सोडत बाहेर येतो आणि शेवटी चाकाचा आकार घेतो. गाडी जॅकवरून खाली घ्यायची ती दाब पुरता भरल्यावरच. नाहीतर रिम बसलेल्या टायरवर टेकते आणि तो कापला जातो.

मिरवणूक संपली की अडचण सुरू. उतरवलेलं रुंद चाक ठेवायचं कुठे? घडीचं चाक जिथे होतं, त्या खोलगट जागेत ते मावत नाही. जागा वाचावी म्हणून तर घडी घातली होती. मग ते काळंकुट्ट, ब्रेकच्या भुकटीने माखलेलं धूड मागच्या त्या नावापुरत्या सीटवर, नाहीतर शेजारच्या चामड्याच्या सीटवर बसवायचं. पोर्शेच्याच बॉक्सस्टरला मागची सीटच नाही, म्हणून तिच्याबरोबर पोर्शे चाक गुंडाळायला प्लॅस्टिकची पिशवी द्यायची. चामड्याची काळजी घेतली. शेजारी बसलेल्या माणसाचं काय करायचं, ते मालकाच्या विवेकावर सोडलं.

पुढचा प्रवास ८० च्या आत, ट्रकांच्या रांगेत. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला जरा ओढते, वळणावर ती बाजू हात वर करते. मागच्या आसाला लॉकिंग डिफरेन्शियल असेल तर दोन वेगळ्या मापांची चाकं त्याला सारखी घासत ठेवतात, म्हणून अंतरही थोडंच ठेवायचं. काम झाल्यावर व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडली, की ते परत मिटायला लागतं. पण तेही आपल्या सवडीने, काही तास घेऊन. घाई त्याच्या स्वभावातच नाही.

त्याचं घराणं मात्र घाईतून वर आलेलं. १८९५ च्या पॅरिस-बॉर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेचे टायर लावलेली गाडी प्रथमच उतरवली. भरीव रबरावर धावणारा एमिल लेव्हासॉर पावणेपन्नास तासांच्या आतच परत पॅरिसला पोचला. मिशेलिन बंधू मात्र जागोजागी पंक्चर काढत बसले आणि मुदतीनंतर पोचले. पोचले, हेच लोकांच्या लक्षात राहिलं. त्या काळी गाडीचं चाक निघतच नसे. रस्त्यावर बसून टायर कापायचा, नवा चढवायचा आणि पंपाने हवा भरायची. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेथली गावच्या स्टेपनी रस्त्यावरच्या डेव्हिस बंधूंनी आऱ्यांशिवायची एक रिम काढली. तिच्यावर हवा भरलेला टायर तयारच असायचा. पंक्चर चाक तसंच ठेवायचं आणि ही रिम त्याला बाजूने घट्ट बांधून घरी जायचं. आपली स्टेपनी ती हीच. वेल्समध्ये कारखाना कधीच गेला, पण आपल्या एसटीच्या आगारात त्या रस्त्याचं नाव रोज घेतलं जातं.

दोनच वर्षांनी, जून १९०६ मध्ये, ल मॉं जवळ पहिली फ्रेंच ग्रां प्री झाली. दोन दिवस, बाराशे किलोमीटरहून जास्त, उन्हाने डांबर वितळलेलं, धारदार खडी. नियम असा, की गाडीला हात लावायचा तो चालकाने आणि त्याच्या मेकॅनिकनेच. बऱ्याच जणांना टायर कापून बदलायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागायची. फेरेंत्स सिस या हंगेरियन माणसाच्या रेनॉला मिशेलिनच्या सुट्या रिमा होत्या. काही नट सोडायचे, हवेसकट तयार टायर चढवायचा, चार मिनिटांच्या आत काम खलास. प्रत्येक रिमने चाकामागे काही किलो वजन वाढवलं होतं, तरीही सिस अर्ध्या तासाहून जास्त फरकाने जिंकला. वेगवान गाड्यांची पहिली ग्रां प्री इंजिनाइतकीच चाक बदलण्यावर जिंकली गेली, ही गोष्ट घडीच्या चाकाने कुणाला सांगितली तर त्याला माफ आहे.

त्यानंतर बरीच वर्षं त्याच्या पूर्वजांचा मान मोठा होता. मर्सिडीज एसएसकेच्या शेपटीला जादा चाक मिरवत असायचं. जॅग्वार ई-टाइपच्या तारांच्या चाकांना मधोमध कानांचा एकच नट असायचा, तो त्याचा मुलामा जाऊ नये म्हणून मऊ धातूच्या तोंडाच्या हातोडीने ठोकून सोडवायचा. ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तर जादा चाक गाडीतच बाळगणं नियमाने भाग होतं. जॅग्वार डी-टाइपने ते शेपटीत लपवलं, फोर्ड जीटी-४० ने नाकात. पिटमध्ये चाकांचे ढीग लागलेले असूनही.

मग वेग वाढला आणि पंक्चरचा स्वभावच बदलला. हवा कमी झालेला टायर जोरात फिरला की त्याच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात दबतात आणि उठतात, तापतात, आणि शेवटी टायर फाटून अलग होतो. १२ मे १९५७ ला इटलीतल्या मिल्ले मिल्याच्या शर्यतीत ग्विदित्सोलो गावाजवळ आल्फॉन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो, त्याचा साथीदार आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक गेले, त्यांत लहान मुलंही होती. ती शर्यत त्या रूपात पुन्हा झाली नाही. म्हणून ताशी तीनशेच्या पुढे जाणारी ९५९ जेव्हा १९८६ मध्ये आली, तेव्हा पोर्शेने चाकांचे आरे पोकळ ठेवून त्यांतल्या हवेवर इलेक्ट्रॉनिक पाळत बसवली. दाब घसरला की चालकाला आधी कळावं. शिवाय बिनहवेचंही काही अंतर तग धरणारे टायर. जादा चाक नाहीच. ९५९ च्या मालकांना त्याची उणीव भासली असेल असं वाटत नाही.

अमेरिकेत १९९७ च्या कॉर्व्हेटने तोच रस्ता धरला: जाड भिंतींचे रन-फ्लॅट टायर, दाबमापक, आणि डिकीत चाकाची जागाच नाही. पोर्शेने घडीच्या चाकाला तीस वर्षांच्या आसपास पोसलं. २००४ ला ९११ ची ९९७ ही पिढी आली आणि त्याच्या जागी एक बाटली बसली.

या बाटलीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तिच्यात चिकट पांढुरकं द्रव्य असतं; कॉम्प्रेसर लावून ते टायरमध्ये भरायचं, लगेच काही किलोमीटर गाडी चालवून ते आत पसरवायचं, थांबून दाब पुन्हा पाहायचा. छिद्र खिळ्याएवढं आणि टायरच्या पाठीवर असेल तर बाटली अब्रू राखते. टायरची भिंत कापली गेली असेल, खड्ड्याने रिम वाकली असेल, तर ती काहीच करत नाही. टायर बदलणारा कारागीर नंतर आतला चिकटा खरवडताना तुमचं नाव घेतो ते वेगळंच. चार-पाच वर्षांत ती शिळी होते, आणि ही गोष्ट मालकाला ती रस्त्याकडेला हातात घेतल्यावर कळते. वेगाची सूचना मात्र तिच्याबरोबरही येते, स्टिअरिंगसमोर चिकटवायला. आकडा? तोच, ८०. घडीचं चाक गेलं, पण जाताना आपला आकडा वारशाने देऊन गेलं.

बाटलीच्या बाजूने एकच मुद्दा खरा आहे, तो म्हणजे आता चाक बदलता तरी कुणाला येतं? ९११ जीटी३ च्या चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो, तो सुमारे ६०० न्यूटन-मीटर जोराने आवळायचा. घरच्या छोट्या गाडीच्या नटाला शंभरच्या आसपास पुरतात. जीटी३ च्या नटाला लांबलचक दांडा लागतो, आणि गाडीत बसून ब्रेक दाबून धरणारा दुसरा माणूसही. रचना शर्यतीची आहे. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनच्या माणसांनी फॉर्म्युला वनच्या गाडीची चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. तीच कल्पना अंगावर घातलेली रस्त्यावरची गाडी पंक्चर झाली, तर तिचा मालक गाडी उचलून नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकची वाट बघत उभा राहतो. शर्यतीचं चाक मिळालं, वीस माणसं नाही मिळाली.

आपल्याकडे सरकारने २०२० मध्ये नियम बदलला: साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, दाबमापक आणि दुरुस्तीचं सामान असेल, तर जादा चाकाची सक्ती नाही. बाटलीवर चालणाऱ्या अशा वेगवान गाड्यांना ते सोयीचं झालं. आपले रस्ते मात्र बाटलीच्या सोयीचे नाहीत. पावसाळ्यातला पाण्याने भरलेला खड्डा कमी उंचीच्या टायरची भिंतच चिरतो, तिथे द्रव्य काय करणार? खिळा असेल तर हमरस्त्यावरचा पंक्चरवाला बाहेरून रबरी पट्टी ठोकून पाच मिनिटांत मोकळा होतो. त्याचा हात कुशल असतो, पण त्याचा जॅक अशा गाडीखाली शिरत नाही आणि शिरला तर कुठे टेकवायचा ते त्याला माहीत नसतं. ती जागा मालकाने बोट ठेवून दाखवावी, जॅकवर ठेवायची रबरी चकती गाडीत असावी. पट्टी घरी पोचण्यापुरती. तीनशेच्या वेगासाठी बनलेला टायर त्यानंतर रिमवरून उतरवून आतून तपासल्याशिवाय पुन्हा पळवू नये.

आणि ते घडीचं चाक? ते आता संग्राहकांच्या घरी सुखात आहे. जुनी ९११ विकताना मूळ चाक, मूळ कॉम्प्रेसर, मूळ पान्यांची पिशवी असं सगळं असेल तर भाव चढतो. जाहिरातीत मालक अभिमानाने लिहितो, 'एकदाही न वापरलेलं'. आयुष्यभर काम न केल्याबद्दल एवढा सन्मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो. अडचण एवढीच, की रबर वापराने झिजतं तसं न वापरताही म्हातारं होतं. घडीच्या कडेला, जिथे ते चाळीस वर्षं एकाच जागी मुडपलंय, तिथे आधी भेगा पडतात. फुगवून पाहायला कुणी धजत नाही, आणि न फुगवता त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. या बाबतीत बाटली त्याच्याहून बरी: तिच्यावर तारीख तरी ठळक छापलेली असते.

टायरवरही तारीख असते, फक्त शोधावी लागते. भिंतीवरच्या डीओटी अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतील तर पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. तुमच्या गाडीत घडीचं चाक असेल आणि त्यावर असे तीन आकडे निघाले, तर ते गॅरेजच्या भिंतीवर टांगा, गाडीत तारीख न उलटलेली बाटली ठेवा, चोरनटाची किल्ली जागेवर आहे का बघा आणि फ्लॅटबेडवाल्याचा नंबर फोनमध्ये घालून ठेवा.